वालुकाश्मातील रंध्रे आणि हरितगृहातील ऊब

नेदरलँड्समधील काचेची हरितगृहे हिवाळाभर नैसर्गिक वायूवर तापवली जात. २००७ मध्ये ब्लाइसवाइक येथील एका टोमॅटो उत्पादकाने त्याऐवजी भूगर्भातील उष्ण पाणी वापरण्यास आरंभ केला. ऊब केवळ पिकालाच हवी असते असे नाही. पांढऱ्या माशीवर सोडलेली एन्कार्सिया फॉर्मोसा ही परोपजीवी मित्रकीटक थंडीत मंदावते आणि जैविक नियंत्रणाची घडी विस्कटते.

या पद्धतीत दोन खोल विहिरींची जोडी असते. एकीतून उष्ण, खारे पाणी वर येते. उष्णता काढून घेतल्यावर तेच पाणी दुसरीतून त्याच थरात परत सोडतात. ताशी १०० घनमीटर पाणी ४० अंशांनी थंड केले, तर सुमारे साडेचार मेगावॅट उष्णता हाती येते. प्रवाह निम्मा झाला की उष्णताही निम्मी. म्हणजे तापमानाइतकेच महत्त्व प्रवाहाला, आणि प्रवाह ठरतो थराच्या जाडीवर व पारगम्यतेवर.

तेथील डेल्फ्ट वालुकाश्म हा क्रिटेशियस कालखंडाच्या आरंभी नद्यांनी साठवलेल्या वाळूचा खडक. पात्रातील वाळू स्वच्छ व मोकळी, पूरमैदानातील गाळ मात्र चिकणमातीचा. त्यामुळे एकाच थरात शेजारी शेजारी उदार आणि कृपण असे दोन्ही भाग आढळतात. जोडीतील दोन विहिरी परस्परांशी न जोडलेल्या पात्रांत उतरल्या, तर परत सोडलेले पाणी उपशाच्या विहिरीकडील दाब टिकवू शकत नाही.

अधिक खोल गेल्यास अधिक उष्णता मिळते, हे खरे. परंतु वरचा भार वाळूचे कण दाबतो आणि रंध्रांत खनिजे साकळतात. सच्छिद्रता थोडी घटली, तरी पारगम्यता अनेक पटींनी कोसळू शकते. २०१८ मध्ये ट्रायास वेस्टलँड प्रकल्पाची विहीर नाल्डवाइक परिसरात सुमारे चार किलोमीटर खोल ट्रायासिक वालुकाश्मापर्यंत नेण्यात आली. तेथे उष्णता होती; खडक मात्र पाणी सोडीना. अखेर सुमारे २.३ किलोमीटरवरील क्रिटेशियस थरातून उपसा करण्यात आला. चार किलोमीटरांचे छिद्र पाडल्यावर अर्ध्यावरच्या थराकडे वळावे लागणे महागडे खरे, पण हा पर्याय आधीच आराखड्यात असणे हेच शहाणपणाचे.

माझ्या मते खरी कसोटी परतीच्या विहिरीची. पाण्याबरोबरचे सूक्ष्म कण, लोहाचे क्षार आणि थंड झाल्यावर सुटणारी खनिजे विहिरीलगतची रंध्रे बुजवतात. मग तेवढेच पाणी आत ढकलण्यास अधिक दाब लागतो, पंपाची वीज वाढते, आणि गाळण्या किंवा आम्लप्रक्रियेचा खर्च टोमॅटोच्या हिशेबात येऊन बसतो.