मागच्या खोलीतले संगीत

जाझ संगीताविषयी बोलताना आपल्याकडील जाणकारही सहज म्हणून जातात, 'कृष्णवर्णीयांच्या रक्तातच ताल आहे.' हे कौतुक आम्हाला परिचयाचे आहे. हलगी तुमच्या रक्तातच आहे, असे म्हणत गावाने ती आमच्या गळ्यात अडकवली आणि आम्हाला वेशीबाहेर ठेवले. म्हणून हे संगीत प्रत्यक्षात कसे घडले, ते पाहिले पाहिजे.

हेन्री मिन्टन या कृष्णवर्णीय सॅक्सोफोनवादकाने १९३८ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात 'मिन्टन्स प्लेहाऊस' हे मद्यगृह काढले. पुढे बार, मागच्या खोलीत संगीत. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीस तेथे केनी क्लार्क ड्रमवर आणि थेलोनियस मंक पियानोवर असे. डिझी गिलेस्पी, चार्ली पार्कर येत. एरवी मोठ्या वाद्यवृंदांत नाचणाऱ्यांसाठी ठरीव वाजवायचे. येथे मात्र वादक एकमेकांसाठी वाजवीत. आधुनिक जाझची, म्हणजे 'बीबॉप'ची घडण अशा रात्रींतून झाली.

रीत अशी. आधी गाण्याची चाल सर्वजण मिळून वाजवीत. मग एकेक वादक त्याच गाण्यातील कॉर्डच्या, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या, ठरलेल्या क्रमावर स्वतःची नवी चाल तेथल्या तेथे रची. शेवटी मूळ चाल पुन्हा येई. गती वाढवली जाई, कॉर्ड मुद्दाम अवघड केले जात. ज्याची तयारी नाही तो आपोआप बाजूला होई. हे काम रक्ताचे नव्हे, बुद्धीचे आणि रियाजाचे आहे. पार्करचे 'को-को' (१९४५) 'चेरोकी' या जुन्या गाण्याच्या सांगाड्यावर उभे आहे. चाल मात्र सर्वस्वी त्याची. भीमराव कर्डक यांच्या आंबेडकरी जलशाने तमाशाचा साचा घेऊन त्यात वेगळाच आशय भरला, ते येथे आठवावे.

पण कला मान्य झाली म्हणून कलावंत मुक्त झाला काय? १९४० पासून न्यूयॉर्कच्या मद्यगृहांत गाण्यावाजवण्यासाठी पोलिसांचे कार्ड लागे. त्यासाठी बोटांचे ठसे द्यावे लागत. नियम कागदावर सर्वांसाठी होता. अमली पदार्थांच्या प्रकरणांवरून १९४७ मध्ये बिली हॉलिडेचे आणि १९५१ मध्ये मंकचे कार्ड गेले. १९४८ मध्ये कार्नेगी हॉल भरवणारी बिली शहरातल्या साध्या मद्यगृहात गाऊ शकत नव्हती! मंकला १९५७ पर्यंत थांबावे लागले. ही पद्धत १९६७ मध्ये रद्द झाली.

माझ्या आजोबांनी १९५६ च्या धर्मांतरानंतर गावकीचे वाजवणे बंद केले. त्यांचा नकार वाद्याला नव्हता, सक्तीला होता. काय वाजवायचे, कोणासाठी वाजवायचे आणि वाजवायचे की नाही, हे वाजवणाऱ्याने ठरवायचे असते. मिन्टनच्या मागच्या खोलीत ते रात्रीपुरते तरी ठरवता येत होते. तेव्हा कलेचे कौतुक करणाऱ्यांना आपण एवढेच विचारावे : कलावंताचा परवाना कोणाच्या हातात आहे?