झेप की भरवसा? सरासरीच्या पलीकडचे गणित

१९९३ साली उत्तर अमेरिकेतील ‘नॅशनल हॉकी लीग’ या व्यावसायिक स्पर्धेसाठी नव्या खेळाडूंची निवड झाली. पहिली पाळी ओटावा सेनेटर्स या संघाची होती. त्यांनी अलेक्सांद्र देग या अठरा वर्षांच्या मुलाला निवडले. चौथ्या पाळीला अनाहाइमच्या संघाने पॉल कारिया या दुसऱ्या अठरा वर्षांच्या मुलाला घेतले. पुढे देगने ६१६ सामन्यांत ३२७ गुण मिळवले, तर कारियाने ९८९ सामन्यांत बरोबर ९८९. देग वाईट खेळाडू नव्हता, पण त्याच्याकडून जी अपेक्षा होती तिच्या जवळपासही तो पोचला नाही.

‘कारियालाच आधी घ्यायला हवे होते’ असे आज कोणीही म्हणेल. पण मागाहून सुचलेल्या शहाणपणाला विज्ञानात फारशी किंमत नाही. ज्याचे भविष्य माहीत नाही अशा तरुण खेळाडूंचा क्रम कोणत्या तत्त्वाने लावावा, हा खरा प्रश्न आहे. खूप उंच झेप घेण्याची शक्यता असलेला पण बेभरवशाचा खेळाडू वर ठेवावा, की बेताचा पण खात्रीचा? हा प्रश्न एका कागदी खेळात अगदी स्वच्छ रूपात समोर येतो. त्याच्या आधारे संभाव्यतेचा एक महत्त्वाचा धडा शिकता येतो.

खेळ कसा असतो?

येथील हॉकी म्हणजे आपली मैदानावरची हॉकी नव्हे. ही बर्फावर, पायांत स्केट घालून खेळतात. चेंडूऐवजी कडक रबराची चकती असते. एका वेळी प्रत्येक बाजूचे सहा खेळाडू बर्फावर असतात: एक गोलरक्षक, दोन बचावपटू आणि तीन आघाडीपटू. गोल करणाऱ्याला एक गुण मिळतो, आणि त्याला चकती पुरवणाऱ्या जास्तीत जास्त दोघांनाही एकेक गुण मिळतो. या लेखात आलेल्या उदाहरणांच्या काळात पूर्ण हंगाम साधारणपणे ८२ सामन्यांचा असे. त्यात ५० गुण मिळवणारा आघाडीपटू चांगला आणि ८० गुणांचा फारच चांगला समजला जाई.

कॅनडा आणि अमेरिकेतील हॉकीचे शौकीन या खऱ्या स्पर्धेवर एक कागदी खेळ खेळतात. त्याला ‘फँटसी हॉकी’ म्हणतात. दहाबारा मित्र जमतात आणि पाळीपाळीने खऱ्या खेळाडूंची नावे निवडून प्रत्येकजण आपला कागदी संघ बनवतो. एक खेळाडू एकाच संघात असू शकतो. ते खेळाडू प्रत्यक्षात जे गुण मिळवतात ते त्या कागदी संघाच्या खात्यावर जमा होतात. कोणीच न निवडलेले खेळाडू ‘मोकळे’ राहतात. हंगाम चालू असताना आपला एखादा खेळाडू सोडून त्याच्या जागी मोकळा खेळाडू घेता येतो. हा शेवटचा नियम लक्षात ठेवावा. पुढचे सारे गणित त्यावरच उभे आहे.

सरासरी सारखी, खेळाडू वेगळे

समजा, ‘भरवसे’ नावाचा खेळाडू दरवर्षी न चुकता ५० गुण मिळवतो. ‘झेपे’ नावाचा दुसरा खेळाडू वीस वर्षांचा आहे. त्याच्या बाबतीत तीन शक्यता सारख्याच आहेत: ८० गुण, ५० गुण किंवा २० गुण. झेपेची अपेक्षित सरासरी (८० + ५० + २०) ÷ ३ = ५० येते. दोघांची सरासरी सारखी आहे, फक्त झेपेचे आकडे विखुरलेले आहेत. मग दोघे सारखेच म्हणायचे का?

आता तो नियम आठवा. समजा, मोकळ्या खेळाडूंमध्ये ४० गुणांचा कोणी ना कोणी नेहमी मिळतो. झेपे फसला तर आपण त्याला सोडून हा मोकळा खेळाडू घेणार. फसणे पहिल्या काही दिवसांतच कळले असे धरले, तर २० च्या जागी जवळजवळ ४० येतील. नवी सरासरी (८० + ५० + ४०) ÷ ३ = सुमारे ५६.७ होते. भरवसे मात्र ५० वरच राहतो.

येथे झेपे अधिक चांगला खेळाडू झालेला नाही. आपल्या पायाखाली ४० गुणांची जमीन होती, एवढेच. खाली पडलो तरी जमिनीपर्यंतच पडणार, वर मात्र आभाळ मोकळे. अशा वेळी विखुरलेपण हा दोष राहत नाही, तो फायद्याचा होतो. झेपेच्या शक्यता ७४, ४४ आणि २० अशा कमी धरल्या, तर त्याची मूळ सरासरी ४६ म्हणजे भरवसेपेक्षा कमी येते. पण जमिनीचा हिशेब धरला की (७४ + ४४ + ४०) ÷ ३ = ५२.७ होतात, आणि झेपेच वर राहतो.

जमीन किती उंच?

मात्र यावरून ‘नेहमी झेपच निवडावी’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. पुढील तीन गोष्टी तपासाव्या लागतात.

पहिली, मोकळे खेळाडू किती चांगले आहेत? मित्र आठ असतील तर बरेच चांगले खेळाडू मोकळे राहतात, म्हणजे जमीन उंच असते. मित्र वीस असतील आणि प्रत्येकाचा संघ मोठा असेल, तर उरलेले खेळाडू २० गुणांच्याच लायकीचे असतील. मग झेपे फसल्यावर त्याला सोडून काहीच मिळत नाही. जमिनीचा फायदा शून्य होतो आणि दोघे पुन्हा बरोबरीत येतात.

दुसरी, चूक कळायला किती वेळ लागतो? आपण अर्धा हंगाम वाट पाहिली तर झेपेचे १० गुण आणि उरलेल्या काळात मोकळ्या खेळाडूचे २०, असे ३० गुण पदरात पडतात. सरासरी (८० + ५० + ३०) ÷ ३ = ५३.३ होते. पूर्ण हंगाम थांबलो तर पुन्हा ५०. म्हणजे झेपेची निवड करणाऱ्याने चूक लवकर मान्य करण्याची तयारीही ठेवली पाहिजे. ‘आज ना उद्या चमकेल’ म्हणून त्याला धरून बसणारा माणूस धोका पत्करतो, पण त्याचे फळ मात्र घालवतो.

तिसरी, आपण स्पर्धेत कोठे आहोत? क्रिकेटमध्ये शेवटच्या षटकांत मागे पडलेला संघ उंच फटके मारतो, तर पुढे असलेला संघ सावध खेळतो. येथेही तसेच. मागे असलेल्याला विखुरलेपण हवे असते, पुढे असलेल्याला नको असते.

काही ठिकाणी खेळाडू पुढील वर्षांसाठी राखून ठेवता येतो. तेथे झेपेचे पारडे आणखी जड होते. तो चमकला तर ८० गुण अनेक वर्षे मिळतात, फसला तर नुकसान एकाच वर्षाचे. २०११ च्या निवडीत निकिता कुचेरोव हा रशियन आघाडीपटू ५८ वा होता. पहिल्या हंगामात त्याने ५२ सामन्यांत १८ गुण मिळवले, पुढच्या हंगामात ६५, आणि २०२३-२४ मध्ये तब्बल १४४. त्याला राखून ठेवणाऱ्याचे फसलेले दोनचार प्रयोग एवढ्यावरच भरून निघाले असतील.

झेप खरी की भास?

आता सर्वांत नाजूक भाग. एखाद्यात मोठी झेप घेण्याची शक्यता आहे हे ओळखायचे कसे? २०१२ च्या निवडीत एडमंटनच्या संघाने नेल याकुपोव याला पहिल्या क्रमांकावर घेतले. खेळाडू आणि मालक यांच्यातील वादामुळे तो हंगाम ४८ सामन्यांचाच झाला. त्यात याकुपोवने १७ गोल केले. गोलाच्या दिशेने मारलेल्या त्याच्या फटक्यांपैकी सुमारे २१ टक्के फटके गोल ठरले होते. आघाडीपटूंचे हे प्रमाण साधारण १० टक्क्यांच्या आसपास असते. पुढच्या हंगामात त्याने ६३ सामन्यांत ११ गोल केले. २०१७-१८ नंतर तो या स्पर्धेत दिसला नाही.

थोडे गणित करू. दर फटक्याला गोल होण्याची संभाव्यता ०.१ असलेल्या खेळाडूने २०० फटके मारले, तर सरासरी २० गोल होतील. येथे प्रमाण विचलन √(२०० × ०.१ × ०.९), म्हणजे सुमारे ४.२ येते. तेव्हा खेळ तोच असला तरी एका वर्षी १६ आणि दुसऱ्या वर्षी २४ गोल होणे मुळीच नवलाचे नाही. म्हणून जाणकार केवळ गोलांकडे पाहत नाहीत. खेळाडू फटके किती मारतो, त्याला किती मिनिटे खेळवतात, प्रतिपक्षाचा खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर असताना त्याला बर्फावर पाठवतात का, हे ते पाहतात. हे आकडे नशिबाने कमी हलतात.

आणखी एक सापळा आहे. अठरा वर्षांच्या मुलाविषयी आपल्याकडे माहितीच कमी असते, म्हणून त्याच्या शक्यता विखुरलेल्या दिसतात. हे विखुरलेपण पुष्कळदा त्याच्यात नसते, आपल्या अज्ञानात असते. ‘काहीही होऊ शकते’ याचा अर्थ ‘फार मोठे होऊ शकते’ असा नाही.

वर्गात करून पाहा

प्रत्येक विद्यार्थ्याने फासा ३० वेळा टाकावा. १ किंवा २ पडल्यास २० गुण, ३ किंवा ४ पडल्यास ५० गुण आणि ५ किंवा ६ पडल्यास ८० गुण लिहून सरासरी काढावी. विद्यार्थ्यांच्या सरासऱ्या एकमेकांहून बऱ्याच वेगळ्या येतील, पण साऱ्या वर्गाची एकत्र सरासरी ५० च्या जवळ येईल. मग त्याच यादीतील प्रत्येक २० च्या जागी ४० लिहून पुन्हा सरासरी काढावी. ती ५७ च्या आसपास येईल. फासा तोच, टाकलेले दानही तेच. बदलली ती फक्त जमीन. शेवटी २० च्या जागी ३० लिहून उशिराची किंमतही पाहता येईल.

जेथे सोडून देता येत नाही

आता पुन्हा देगकडे वळू. ओटावा संघाने त्याच्याशी पाच वर्षांचा, सव्वाबारा दशलक्ष डॉलरचा करार केला होता. कागदी संघाचा मालक एका ओळीत नाव खोडतो. खऱ्या संघाला पैसे मोजावेच लागतात. त्याच्या पायाखाली जमीन नसते. या कराराचा धसका एवढा होता की १९९५ मध्ये नव्या खेळाडूंच्या पगारावर मर्यादा घालण्यात आली. पगाराला मर्यादा म्हणजे धोक्याला मर्यादा, म्हणजे पुन्हा जमीनच.

आपल्या वर्गातही मुलांचे क्रम लावले जातात. एखादा ‘खात्रीचा’, एखादा ‘हुशार पण बेभरवशाचा’. वरच्या हिशेबातला सगळा फायदा फसलेल्याला सोडून देण्याच्या सोयीतून आला होता. शिक्षकाला ती सोय नाही, आणि असूही नये. म्हणून निवड करणाऱ्याचे हे गणित मुलांच्या यादीला लावता येणार नाही. पण झेप घेणाऱ्याच्या बाजूने ते जरूर लावता येईल. अवघड विषय घेऊन पाहणारी किंवा नवा प्रयोग करणारी मुलगी फसली, तर तिला कोठपर्यंत खाली यावे लागेल? परत येण्याची वाट जवळ आणि स्वस्त असेल, तर धाडस करणे हाच हिशेबी निर्णय ठरतो. ती जमीन उंच ठेवणे पुष्कळसे आपल्या हाती आहे.