१३०० कोटींचा अहवाल

भगतसिंह कोश्यारी हे नाव मराठी वाचकाला पाठ झालं ते राज्यपाल म्हणून त्यांनी उरकलेल्या पहाटेच्या शपथविधीमुळे. मला मात्र ते आधीपासून माहीत होतं. संसदीय समित्यांचे अहवाल वाचण्याचं मला जुनं खूळ आहे. त्यातले बहुतेक झोप आणतात. राज्यसभेच्या याचिका समितीचा डिसेंबर २०११ मधला १४२वा अहवाल मात्र जागं ठेवतो. अध्यक्ष कोश्यारी, विषय ‘वन रँक वन पेन्शन’, म्हणजे समान हुद्दा आणि समान नोकरी असलेल्या फौजींना समान पेन्शन.

मुद्दा सर्वांना ठाऊक आहे, तरी एक उदाहरण घेऊ. मराठा लाइट इन्फन्ट्रीतले दोन हवालदार. नोकरी सारख्याच वर्षांची. एक डिसेंबर २००५ मध्ये घरी आला, दुसरा फेब्रुवारी २००६ मध्ये. मधल्या १ जानेवारीपासून सहावा वेतन आयोग लागू झाला आणि दोघांच्या पेन्शनीत कायमची दरी पडली. सैन्यात हे जास्त बोचतं, कारण जवान पस्तिशी-चाळिशीतच निवृत्त होतो. वरच्या पदावर चढून, साठीपर्यंत दोन-तीन वेतन आयोग पदरात पाडून घेण्याची सोय त्याला नाही.

समितीपुढे सरकारी बाजूने तीन अडचणी मांडल्या गेल्या: पैशाची, कायद्याची आणि प्रशासनाची. पैशाचा आकडा होता २०११-१२ सालासाठी १३०० कोटी. यातले १०६५ कोटी जवान आणि जेसीओंना जाणार होते, अधिकाऱ्यांना फक्त २३५ कोटी. पुढे टीव्हीवर या मागणीचा चेहरा म्हणून पदकं लावलेले निवृत्त जनरल दिसत राहिले आणि ही जनरल लोकांची चैन आहे असा समज पसरला, म्हणून ही फोड लक्षात ठेवण्यासारखी आहे. पाचातले चार रुपये गावाकडे जाणार होते. कायद्याची अडचण म्हणजे भीती: आज फौजींना दिलं तर उद्या मुलकी कर्मचारी तेच मागायला कोर्टात जातील.

प्रशासकीय अडचण सगळ्यांत मासलेवाईक. निवृत्तांची कागदपत्रं २५ वर्षांनंतर ठेवली जात नाहीत, तेव्हा जुन्यांचा हिशेब करायचा कसा? इकडे साताऱ्या-कोल्हापुराकडच्या कुठल्याही फौजीच्या घरी पीपीओ, डिस्चार्ज बुक आणि पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत, ट्रंकेच्या तळाशी जपलेलं असतं. नोव्हेंबर आला की हयातीचा दाखला द्यायला तो बँकेत हजर. ज्याला दरमहा पैसे जातात त्याचा पत्ता सरकारला लागत नाही, हे मला तरी पटलेलं नाही. समितीलाही पटलं नाही. एवढ्या मोठ्या देशाला १३०० कोटी फार नाहीत, असं तिने स्वच्छ लिहिलं. निवृत्तांनी राष्ट्रपतींकडे पदकं परत केली, रक्ताने सह्या केल्या, याचीही नोंद केली.

पुढचं राजकारण झटपट सांगतो. सप्टेंबर २०१३ मध्ये रेवाडीच्या सभेत नरेंद्र मोदींनी हा विषय उचलला. फेब्रुवारी २०१४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात चिदंबरम यांनी ५०० कोटी ठेवले, जुलैत जेटलींनी १००० कोटी. दोन्ही आकडे अंदाजपंचे वाटतात, कारण ५ सप्टेंबर २०१५ ला संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकरांनी योजना जाहीर केली तेव्हा वर्षाचा खर्च ८ ते १० हजार कोटी निघाला. तोवर जंतरमंतरवर माजी सैनिकांचं आंदोलन सुरू होऊन अडीच महिने उलटले होते. पर्रीकरांनी २०१३ हे आधारवर्ष धरलं आणि फेरआखणी दर पाच वर्षांनी ठरवली. कोश्यारींच्या अहवालात पेन्शनवाढ जुन्यांना आपोआप मिळायची होती. ‘आपोआप’ आणि ‘दर पाच वर्षांनी’ यांच्यातल्या भांडणातून सर्वोच्च न्यायालयात खटला उभा राहिला.

इथे एक गमतीदार वंशावळ लागते. पेन्शन ही मेहेरबानी नसून हक्क आहे, असं ठासून सांगणारा नाकरा खटल्याचा निकाल १७ डिसेंबर १९८२ चा. देशभरचे पेन्शनर ती तारीख अजून पाळतात. खंडपीठावर सरन्यायाधीश होते पुण्याचे यशवंत चंद्रचूड, निकाल लिहिला न्या. डी. ए. देसाईंनी. माजी सैनिकांनी नाकराचा आधार घेतला, आणि १६ मार्च २०२२ ला निकाल लिहिला तो यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड यांनी. त्यांनी सरकारी धोरण वैध ठरवलं. एकाच हुद्द्याच्या सर्वांना एकच पेन्शन, असा नाकराचा अर्थ होत नाही. आणि कोश्यारी अहवाल? पार्श्वभूमी कळायला उपयोगी, पण ते सरकारचं धोरण नव्हे. कायद्याने हे बरोबर असेल. समितीने एवढ्या साक्षी कशासाठी घेतल्या, हा प्रश्न मला तरीही छळतो.

त्याच निकालात १ जुलै २०१९ पासूनची फेरआखणी करून तीन महिन्यांत फरक देण्याचा आदेश होता. मंत्रिमंडळाची मंजुरी आली डिसेंबर २०२२ मध्ये. त्यानंतर संरक्षण मंत्रालयाने परस्पर चार सहामाही हप्ते पाडले. मार्च २०२३ मध्ये सरकारने बंद लिफाफा पुढे केला, तो सरन्यायाधीश झालेल्या धनंजय चंद्रचूडांनी घेतला नाही आणि वेळापत्रक कोर्टानेच आखून दिलं. कुटुंब पेन्शनवाले आणि शौर्यपदकविजेते ३० एप्रिलपर्यंत, सत्तरीपुढचे ३० जूनपर्यंत. बाकीच्यांना ऑगस्ट, नोव्हेंबर आणि पुढल्या वर्षीचा फेब्रुवारी.