अल्बम तयार, कंपनीचा नकार! ‘विल्को’च्या ‘कंट्री’ची गोष्ट

कोल्हापूर : विसर्जन मिरवणुकीत महाद्वार रोडवर बेंजो वाजू लागला, की कोल्हापूरकरांची पावले आपोआप थिरकू लागतात. मात्र टंकलेखन यंत्रासारखी बटणे दाबून वाजविले जाणारे हे वाद्य मूळचे ‘बँजो’ नव्हेच. ते बुलबुल तरंग. त्याचा पूर्वज ‘ताइशोगोतो’ जपानमधील नागोया शहरात १९१२ मध्ये तयार झाला. अमेरिकेतील बँजो निराळा. गोल कड्यावर ताणलेले कातडे, त्यावरून गेलेल्या तारा आणि आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांच्या आठवणीतून घडलेली त्याची रचना. नाव एक, कुळे दोन. तरीही दोन्ही वाद्यांच्या वाट्याला आलेले काम सारखेच आहे. दुरून आलेल्या वाद्याला इथल्या मातीतल्या माणसांनी आपलेसे केले आणि त्यावर आपली गाणी वाजविली.

अमेरिकेतील ‘कंट्री’ संगीताची घडण नेमकी अशीच सरमिसळीची आहे. त्यात युरोपातून आलेल्या स्थलांतरितांचे फिडल, आफ्रिकी बँजो आणि हवाई बेटांवरील सरकती स्टील गिटार एकत्र नांदतात. विषय घर, शेत, रेल्वे, दारू, विरह आणि देव हे. १९२७ च्या उन्हाळ्यात राल्फ पीअर नावाचा ध्वनिमुद्रक ‘व्हिक्टर’ कंपनीसाठी टेनेसी आणि व्हर्जिनिया या राज्यांच्या सीमेवरील ब्रिस्टल गावी यंत्रसामग्री घेऊन उतरला. डोंगरवस्तीतून आलेल्या गायकांची गाणी त्याने तबकडीवर उतरविली. ‘कार्टर फॅमिली’ आणि जिमी रॉजर्स ही नावे त्याच मुक्कामात पुढे आली आणि गावाकडचे गाणे बाजारात विकले जाऊ लागले. पुढे नॅशव्हिल शहरात या संगीताचा मोठा उद्योग उभा राहिला आणि तेथे त्याला शहरी तकाकी चढत गेली. तमाशाच्या फडातील लावणी आणि चित्रपटातील लावणी यांतला फरक ज्याला कळतो, त्याला हे अंतर अधिक उलगडून सांगण्याची गरज नाही.

या तकाकीला कंटाळलेल्या मुलांनी जे केले, त्याला ‘ऑल्टरनेटिव्ह कंट्री’ म्हणतात. इलिनॉय राज्यातील बेलव्हिल हे जुने, मरगळलेले औद्योगिक गाव. तेथील जे फरार, जेफ ट्वीडी आणि माइक हायडॉर्न या तरुणांनी १९८७ मध्ये ‘अंकल ट्युपेलो’ हा बँड काढला. कानठळ्या बसविणारे पंक रॉक आणि आजोबांच्या पिढीची कंट्री गाणी एकाच दमात वाजवायची, ही त्यांची तऱ्हा. १९९० मधील त्यांच्या पहिल्या अल्बमचे नाव ‘नो डिप्रेशन’ हे कार्टर फॅमिलीने १९३६ मध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या एका मंदीकालीन गाण्यावरून घेतलेले होते. १९९५ मध्ये याच नावाचे एक नियतकालिक निघाले आणि या संपूर्ण प्रवाहाची ती ओळखच बनून गेली. बँड मात्र तोवर टिकला नव्हता. फरार आणि ट्वीडी यांचे जमेना. १ मे १९९४ रोजी सेंट लुईसमध्ये शेवटचा कार्यक्रम झाला. फरारने ‘सन व्होल्ट’ काढला, ट्वीडीने उरलेल्या सहकाऱ्यांसह ‘विल्को’.

शाहिराची वही, दुसऱ्याची चाल

‘विल्को’चा १९९५ मधील पहिला अल्बम ‘ए. एम.’ जुन्याच वळणाचा होता. दुसरा, ‘बीइंग देअर’ (१९९६), दोन तबकड्यांचा निघाला. तो एकाच तबकडीच्या किमतीत विकला जावा म्हणून ट्वीडीने स्वतःच्या मानधनातील वाटा कमी करून घेतला. बँड आणि कंपनी यांच्यातील पुढील संघर्षाची चाहूल इथेच लागते.

मराठी वाचकाला सर्वांत जवळचे वाटेल ते त्यानंतरचे काम. वूडी गथ्री हा मंदीच्या काळातील अमेरिकेचा शाहीर. वाटेगावच्या अण्णाभाऊ साठे यांनी कामगारांच्या वस्तीत उभे राहून जे केले, त्याच जातीचे काम गथ्रीने स्थलांतरित शेतमजुरांच्या छावण्यांतून केले. १९६७ मध्ये त्याचे निधन झाले, तेव्हा हजाराहून अधिक गीते कागदावर होती. त्यांच्या चाली त्याच्याबरोबरच गेल्या होत्या. त्याची कन्या नोरा हिने ती वह्यांची पाने इंग्रज गायक बिली ब्रॅग याच्यापुढे ठेवली. ब्रॅगने ‘विल्को’ला सोबत घेतले आणि १९९८ मध्ये ‘मर्मेड अॅव्हेन्यू’ हा अल्बम तयार झाला. जुन्या शाहिराची अक्षरे नव्या गळ्यातून आली. आपल्याकडे कितीतरी शाहिरांच्या वह्या ट्रंकांतून पडून आहेत. त्यांना चाल लावण्याचे धाडस कोणी करील काय, हा प्रश्न यानिमित्ताने सुचतो. गथ्रीच्या बाबतीत ते साधले, कारण वारसांनी परवानगी तर दिलीच, शिवाय नव्या गायकांना मोकळीकही दिली.

थरांवर थर

२००० मध्ये ‘विल्को’ने शिकागोतील ‘द लॉफ्ट’ या स्वतःच्या जागेत नव्या अल्बमचे काम सुरू केले. स्वतःची जागा असण्याचा अर्थ मोठा आहे. भाड्याच्या स्टुडिओत घड्याळ धावत असते. प्रत्येक तासाला पैसे मोजावे लागतात. स्वतःच्या जागेत चुकण्याची चैन परवडते. त्यांनी ती पुरेपूर केली.

आधुनिक ध्वनिमुद्रणात सारे वादक एकत्र बसून वाजवितातच असे नाही. प्रत्येक वाद्य स्वतंत्र पट्टीवर मुद्रित होते, मग त्यावर दुसरे, तिसरे असे थर चढतात. शेवटी ‘मिक्सिंग’ करताना कोणता आवाज पुढे, कोणता मागे, कोणता अजिबात नको, हे ठरते. स्वयंपाकात जिन्नस सगळे आणले, तरी हात कोणाचा यावर चव ठरावी, तसे हे. ‘विल्को’च्या साध्यासुध्या गिटारगीतांवर खरखर, घंटानाद, पियानोचे तुकडे असे थरांवर थर चढत गेले. बहुतेक वाद्यांवर हुकमत असलेला जे बेनेट हे काम सांभाळत होता. ट्वीडीने दरम्यान ढोलवादक केन कूमरच्या जागी ग्लेन कॉची याला आणले आणि मिक्सिंगसाठी जिम ओ’रूर्क या प्रयोगशील संगीतकाराला बोलाविले. ओ’रूर्कने चढविलेले थर खरवडायला सुरुवात केली. बेनेटला ते रुचणे कठीणच होते. दोन गाण्यांमधील काही सेकंदांचा सांधा कसा जुळवावा यावरून झालेला ट्वीडी आणि बेनेट यांच्यातील तिढा सॅम जोन्स या दिग्दर्शकाच्या कृष्णधवल माहितीपटात (२००२) टिपला गेला आहे. बाहेरच्याला तो वाद क्षुल्लक वाटतो. ज्याने नाटकाच्या तालमी पाहिल्या आहेत, त्याला तो क्षुल्लक वाटणार नाही. अल्बम पूर्ण होताच बेनेटला बँड सोडावा लागला. २००९ मध्ये त्याचे निधन झाले.

अल्बमचे नाव ठेवले ‘यँकी हॉटेल फॉक्सट्रॉट’. लघुलहरींच्या रेडिओवर काही गूढ केंद्रे वर्षानुवर्षे नुसते आकडे किंवा अक्षरे वाचून दाखवीत असत. हेरांसाठीचे ते संदेश असावेत, असा सर्वसाधारण समज आहे. अशा ध्वनींच्या एका संग्रहात वाय, एच, एफ या अक्षरांसाठीचे लष्करी संकेतशब्द पुन्हा पुन्हा उच्चारणारा स्त्रीचा आवाज आहे. तो आवाज एका गाण्याच्या शेवटी वापरला गेला आणि तेच शब्द मुखपृष्ठावर आले.

विकत घेणारा एकच!

हा अल्बम ‘रिप्राइज’ या कंपनीच्या हाती पडला, तो अगदी अवेळी. ‘रिप्राइज’ ही ‘वॉर्नर’ समूहातली. जानेवारी २००१ मध्ये ‘एओएल’ आणि ‘टाइम वॉर्नर’ यांचे विलीनीकरण पार पडले होते. खर्चकपात, नोकरकपात सुरू होती. बँडच्या पाठीशी असलेले कंपनीचे अध्यक्ष हॉवी क्लाइन हेही बाहेर पडले. नव्या कारभाऱ्यांना त्या संगीतात रेडिओवर वाजेल असे काही सापडेना. बदल करा, असे सुचविण्यात आले. बँडने नकार दिला. कंपनीनेही अल्बम काढण्यास नकार दिला.

येथे संगीत व्यवसायातील एक व्यवहार समजून घेणे आवश्यक आहे. कंपनी ध्वनिमुद्रणासाठी पैसे देते, ते नंतर कलावंताच्या मानधनातून वळते करून घेते; आणि बहुतेक करारांत मूळ मुद्रणाची, म्हणजे ‘मास्टर’ची मालकी मात्र कंपनीकडेच राहते. साहजिकच कंपनीने अल्बम कपाटात ठेवून दिला, तर गाणाऱ्याला स्वतःचेच गाणे लोकांपर्यंत नेता येत नाही. साखर कारखान्याला ऊस घालणाऱ्या आणि बिलाची वाट पाहणाऱ्या या जिल्ह्यातील शेतकऱ्याला या नात्यातील पेच वेगळा समजावून सांगायला नको. ‘विल्को’चे नशीब एवढे, की वाटाघाटीनंतर ‘मास्टर’ बरोबर घेऊन त्यांना बाहेर पडता आले.

अल्बम ११ सप्टेंबर २००१ रोजी प्रकाशित करण्याचे मूळ नियोजन होते. तो दिवस जगाच्या लक्षात राहिला तो न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांवरील हल्ल्यामुळे. आठवडाभराने, १८ सप्टेंबरला, बँडने संपूर्ण अल्बम आपल्या संकेतस्थळावर विनामूल्य ऐकण्यासाठी खुला केला. हादरणाऱ्या उंच इमारतींचा उल्लेख, अमेरिकी ध्वजाची राख असे गाण्याचे नाव आणि मुखपृष्ठावर शिकागोच्या मरीना सिटीचे दोन मनोरे! सारे काही हल्ल्यापूर्वीच तयार झालेले. पण भेदरलेल्या श्रोत्यांना ते आपल्याविषयीच आहे असे वाटले. बँडच्या कार्यक्रमांना येणारे लोक अद्याप बाजारात न आलेली गाणी सोबत गाऊ लागले.

पुढे ‘नॉनसच’ या कंपनीने अल्बम घेतला आणि २३ एप्रिल २००२ रोजी तो प्रसिद्ध झाला. ‘बिलबोर्ड’च्या यादीत तो थेट १३ व्या क्रमांकावर दाखल झाला. यातील गंमत अशी, की ‘नॉनसच’ही ‘वॉर्नर’ समूहातलीच! एका खिडकीवर नाकारलेला माल त्याच समूहाने दुसऱ्या खिडकीवर पुन्हा पैसे मोजून घेतला.

दिल्लीचा बंगला, मुंबईचे अभंग

भारतातही असा एक दाखला आहे. लोकसंगीत, शास्त्रीय संगीत आणि रॉक यांची सांगड घालणाऱ्या दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ या बँडने २०१० मध्ये ‘१६/३३० खजूर रोड’ हा अल्बम दरमहा एक गाणे याप्रमाणे इंटरनेटवर विनामूल्य दिला. अल्बमचे नाव म्हणजे करोल बागेतील ज्या जुन्या बंगल्यात बँडच्या तालमी चालत, त्याचा पत्ता. गायक-तबलावादक अशीम चक्रवर्ती यांचे डिसेंबर २००९ मध्ये निधन झाले होते. गाण्यांतून त्यांचा आवाज श्रोत्यांपर्यंत नंतर पोहोचला. याच बँडचे ‘माँ रेवा’ हे गाणे नर्मदा खोऱ्यातले. राहुल राम यांना ते नर्मदा बचाव आंदोलनाच्या दिवसांत गवसले. मुंबईत ‘अभंग रिपोस्ट’ या बँडने संतांचे अभंग गिटार आणि ड्रम्सच्या साथीने तरुणांपुढे आणले. अभंगाला असे वाजवावे काय, अशी कुरकूर करणारे असतातच. ‘विल्को’लाही जुन्या चाहत्यांनी ‘कंट्री’ सोडल्याबद्दल बोल लावले होते.

कोल्हापुरात तरी या वादाचे नवल वाटू नये. शाहू महाराजांच्या दरबारी गायक असलेल्या अल्लादिया खाँ यांच्यामुळे हे शहर जयपूर-अत्रौली घराण्याचे केंद्र बनले. तरुणपणी आवाज बिघडल्यावर खाँसाहेबांनी त्या आवाजाला झेपेल अशी गायकी नव्याने घडविली, असे सांगितले जाते. आज जिचे शुद्ध रूप जपण्याचा आग्रह धरला जातो, तीच मुळात एक तडजोड, एक शोध होती.

पुन्हा एका खोलीत

२००४ नंतर ‘विल्को’त सहा वादकांचा संच स्थिरावला. त्या वर्षीच्या ‘ए घोस्ट इज बॉर्न’ला ग्रॅमी मिळाले. २०११ मध्ये बँडने ‘डीबीपीएम’ ही स्वतःचीच कंपनी काढली. परवानगी मागण्याचा प्रश्नच मिटला. २०१५ मध्ये ‘स्टार वॉर्स’ हा अल्बम त्यांनी कोणतीही पूर्वसूचना न देता संकेतस्थळावर फुकट ठेवला.

खरे आश्चर्य २०२२ मध्ये घडले. पंचवीसहून अधिक वर्षे ‘आम्ही कंट्री बँड नाही’ अशी भूमिका घेणाऱ्यांनी ‘क्रुएल कंट्री’ या नावाचा, २१ गाण्यांचा अल्बम काढला. महासाथीच्या दुराव्यानंतर सहाही जण ‘द लॉफ्ट’मध्ये एकत्र बसले आणि बहुतांश गाणी एकत्रच वाजवून मुद्रित केली. थर नाहीत, खरवडणे नाही. एकाने सूर चुकविला तर तो साऱ्यांच्या मुद्रणात उतरणार, ही जोखीम पत्करून. ‘प्रभात’ने १९३२ मध्ये कोल्हापुरात ‘अयोध्येचा राजा’ केला, तेव्हा दुसरा पर्यायच नव्हता. पार्श्वगायन अद्याप यायचे होते. राजा हरिश्चंद्राची भूमिका करणारे गोविंदराव टेंबे हेच संगीतकार. नटाने चित्रीकरणातच गायचे आणि वादकांनी कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर बसून साथ करायची. तेव्हाची सक्ती नव्वद वर्षांनी शिकागोत हौस म्हणून परतली. अशा मुद्रणात वादक एकमेकांकडे पाहून वाजवितात. ठेका किंचित पुढे-मागे होतो आणि तोच कानाला जिवंत लागतो. हलगीवाला घुमक्याच्या हाताकडे पाहतो, ते उगाच नव्हे.

‘यँकी हॉटेल फॉक्सट्रॉट’ला वीस वर्षे पूर्ण झाल्यानिमित्त त्याच वर्षी मूळ कच्च्या मुद्रणांसह मोठा संच प्रसिद्ध झाला. ओ’रूर्कने खरवडून काढलेले आणि बेनेटने जीव लावून चढविलेले कितीतरी थर त्यात ऐकायला मिळतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्या संचाला सर्वोत्तम ऐतिहासिक अल्बमचे ग्रॅमी मिळाले. ‘कझिन’ हा त्यानंतरचा अल्बम त्याच वर्षी आला. त्यासाठी बँडने वेल्समधील संगीतकार केट ले बॉन हिला निर्माती म्हणून बोलाविले, आणि ‘कंट्री’पासून पुन्हा दूरचा रस्ता धरला.