इंग्रजीतील प्राणिवाचक व गतिवाचक शब्दांची अनेकार्थता : एक विचार

प्रस्तुत लेखात इंग्रजीतील नित्य वापरातील काही प्राणिवाचक व गतिवाचक शब्दांच्या अनेकार्थतेचा विचार करावयाचा आहे. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी प्रत्येक शब्दाला एकच प्रतिशब्द पाठ करून महाविद्यालयात येतो. 'रन' म्हणजे धावणे, 'डॉग' म्हणजे कुत्रा. अवघड शब्द अडला की तो कोश उघडतो. सोपा शब्द येतच असल्याची खात्री असल्याने तेथे कोश उघडला जात नाही, आणि अर्थाचा घोटाळा नेमका तेथेच होतो.

फ्रेंच अभ्यासक मिशेल ब्रेआल यांनी १८९७ सालच्या आपल्या अर्थविज्ञानविषयक ग्रंथात अनेकार्थतेची चर्चा केली. मात्र एका रूपाला अनेक अर्थ दिसले म्हणजे ती अनेकार्थताच असे मानता येत नाही. 'सील' हा जलचर आणि 'सील' म्हणजे मुद्रा यांचा परस्परसंबंध नाही. पहिला शब्द प्राचीन इंग्रजीतील, तर दुसरा लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेला. 'बॅट' म्हणजे वटवाघूळ व चेंडू मारण्याची फळी यांचीही तीच गत. हे केवळ रूपसाम्य होय.

'डक' या शब्दात मात्र दोन्ही प्रकार एकत्र नांदतात. बदक या अर्थाचे नाम बुडी मारणे या अर्थाच्या जुन्या क्रियापदापासून बनले. म्हणजे येथे गतीवरून पक्ष्याला नाव मिळाले. डोके चटकन खाली घेणे हा अर्थ त्याच कुळातला. क्रिकेटमधील शून्य धावा हा अर्थ बदकाच्या अंड्याच्या आकारावरून आला. जाड सुती कापड या अर्थाचा 'डक' मात्र डच भाषेतून आलेला निराळाच शब्द आहे.

आकारसाम्यावरून होणारी ही लक्षणा कोणत्याही एका भाषेची मिरासदारी नव्हे. लांब मानेच्या क्रौंच पक्ष्यावरून ओझी उचलणाऱ्या यंत्राला 'क्रेन' म्हटले गेले. ग्रीक भाषेतही एकच शब्द पक्षी व यंत्र या दोहोंसाठी होता. स्नायूवाचक 'मसल' शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधील 'लहान उंदीर' आहे. आपल्याकडे दंडात उंदीर दिसत नाही, बेडकुळी दिसते! चित्रकाराच्या 'ईझल'चे मूळ डचमधील गाढवात आहे, तर रंगाऱ्याची आपली लाकडी चौकट घोडी ठरते. वर्गात ही उदाहरणे दिल्यास इंग्रजी ही चमत्कारिक भाषा आहे, हा समज बराचसा निवळतो.

इंग्रजीचे खरे वेगळेपण असे की, तेथे प्राण्याचे नाम प्रत्ययाशिवाय क्रियापद होते. 'मिसफॉर्च्यून डॉग्ड हिम' या वाक्यात कुत्रा शोधणाऱ्या विद्यार्थ्याला 'दुर्दैवाने त्याची पाठ सोडली नाही' हे भाषांतर सुचणार नाही. 'वुल्फ' म्हणजे अधाशासारखे गिळणे, 'एप' म्हणजे नक्कल करणे. मराठीत पोपटापासून 'पोपटपंची' होते, 'पोपटणे' होत नाही.

गतिवाचक शब्दांत 'रन'चा पसारा सर्वांत मोठा. ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाच्या सुधारित नोंदीत या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ मोजले गेल्याचे २०११ साली प्रसिद्ध झाले. ते पाठ करणे शिक्षकालाही शक्य नाही. तथापि बहुतेक अर्थांच्या तळाशी 'अखंड पुढे जाणे' ही कल्पना आढळते. नदी वाहते, यंत्र चालू राहते, रस्ता डोंगराकडेने जातो, रोग घराण्यात चालत येतो. या चारही ठिकाणी इंग्रजीत 'रन' चालते. यांपैकी मराठीत 'धावणे' एकदाही येत नाही, हे लक्षणीय आहे. मराठीतील हा भार पुष्कळसा 'चालणे' वाहते. इंग्रजाचे दुकान धावते, आपले चालते; खोटे नाणे चालत नाही; आणि संमती देताना आपण 'चालेल' म्हणतो.

त्यामुळे शब्द व अर्थ यांच्या याद्या देण्यापेक्षा एकाच क्रियापदाची पाचसहा वाक्ये देऊन प्रत्येकासाठी मराठी क्रियापद शोधावयास लावणे अधिक फलदायी ठरते. उत्तरपत्रिकेत 'त्याचे नाक धावत होते' असे आढळल्यास शून्य गुण देणे सोपे आहे. परंतु त्या विद्यार्थ्याने व्याकरण अचूक ओळखलेले असते, चुकलेली असते ती केवळ अर्थाची निवड. परीक्षकाने हे दोन दोष वेगळे मोजावेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.