स्वच्छ इंधनाची वाहने : सवलत कोणती आणि ती कोणाला?

प्रवरेच्या काठी वसलेले बेलापूर हे श्रीरामपूर तालुक्यातील जुन्या बाजारपेठेचे गाव. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला तेव्हा जवळच्या स्थानकाला याच गावाचे नाव मिळाले. पुढे त्या स्थानकाभोवती श्रीरामपूर शहर वाढले, तरी स्थानकाचे नाव बेलापूर हेच राहिले. भंडारदरा धरणाचे पाणी कालव्यांनी या परिसरात आले आणि पाण्यापाठोपाठ ऊस आला. हरेगावला बेलापूर कंपनीचा खाजगी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ च्या हंगामात लोणी येथे प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले. तेव्हापासून या भागातील घराघरांचा संसार उसाच्या भावाशी बांधला गेला आहे.

हाच ऊस आता वाहनांच्या इंधनाचा एक स्रोत झाला आहे. दुसरीकडे विजेवर चालणाऱ्या दुचाकी, रिक्षा आणि मालवाहू गाड्या खेड्यापाड्यांच्या रस्त्यांवर दिसू लागल्या आहेत. या दोन्ही प्रकारांना केंद्र व राज्य शासनाने गेल्या काही वर्षांत अनेक सवलती दिल्या. परंतु कोणती सवलत कोण देते, ती कोणाच्या हाती पडते आणि तिची मुदत केव्हा संपते, याविषयी ग्रामीण भागात बराच संभ्रम आढळतो. मुदत संपलेल्या योजनेच्या भरवशावर वाहन खरेदी करणारा आणि चालू असलेल्या सवलतीची माहितीच नसणारा, असे दोघेही तोट्यात जातात. म्हणून या विषयाची मांडणी येथे थोड्या विस्ताराने केली आहे.

सवलतींचे दोन मार्ग

आपल्या देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल परदेशांतून आणावे लागते. त्यासाठी मोठे परकीय चलन खर्ची पडते. शिवाय वाहनांच्या धुराने शहरांची हवा दूषित होते. ही दोन्ही संकटे कमी करावीत, हा सर्व सवलतींमागील हेतू होय.

मात्र हा हेतू साधण्याचे दोन वेगवेगळे मार्ग शासनाने अवलंबिले आहेत. इथेनॉलच्या बाबतीत सवलत इंधन तयार करणाऱ्याला, म्हणजे कारखान्याला, मिळते. पंपावर पेट्रोल भरणाऱ्या ग्राहकाला त्यासाठी कोणताही अर्ज करावा लागत नाही आणि वेगळी रक्कमही मिळत नाही. विजेच्या वाहनांच्या बाबतीत सवलतीचा रोख वाहन घेणाऱ्यावर आहे. हा फरक ध्यानात घेतला की पुढील सारा तपशील सोपा होतो.

उसापासून इंधन

उसापासून मोटारीचे इंधन ही कल्पना नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई पडली तेव्हा कोळशाच्या वायूवर मोटारी चालविल्या गेल्या आणि मद्यार्काचा विचारही त्याच काळात बळावला. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये पॉवर अल्कोहोलसंबंधी केंद्रीय कायदा झाला. तथापि स्वस्त तेलाच्या काळात तो विचार मागे पडला. २००१ मध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विकण्याचे प्रायोगिक प्रकल्प देशात तीन ठिकाणी घेण्यात आले. त्यांपैकी मिरज व मनमाड ही दोन ठिकाणे महाराष्ट्रातील होती. मनमाड हे बेलापूर स्थानकावरून जाणाऱ्या लोहमार्गाचेच एक टोक होय. २००३ पासून नऊ राज्यांत आणि चार केंद्रशासित प्रदेशांत पाच टक्के मिश्रण लागू झाले.

तरीही २०१३-१४ मध्ये देशातील मिश्रणाचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपासच होते. खरी गती आली ती २०१८ नंतर. त्या वर्षी राष्ट्रीय जैवइंधन धोरण जाहीर झाले. मिश्रणासाठीच्या इथेनॉलवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणण्यात आला. आसवनी उभारणाऱ्या वा वाढविणाऱ्या कारखान्यांना कर्जावरील व्याजात सहा टक्के किंवा बँकेच्या व्याजदराच्या निम्मे, यांपैकी जे कमी असेल तेवढे साहाय्य पाच वर्षांसाठी देऊ करण्यात आले. सर्वांत महत्त्वाचा निर्णय दराचा होता. शेवटच्या मळीपासून, म्हणजे सी-हेवी मळीपासून, केलेल्या इथेनॉलला एक दर, साखरेचा अंश अधिक राखलेल्या बी-हेवी मळीपासूनच्या इथेनॉलला त्याहून अधिक दर आणि थेट रसापासूनच्या इथेनॉलला सर्वाधिक दर, अशी रचना झाली. २०२२-२३ च्या हंगामात हे दर लिटरला अनुक्रमे ४९ रुपये ४१ पैसे, ६० रुपये ७३ पैसे आणि ६५ रुपये ६१ पैसे होते.

परिणामी जून २०२२ मध्ये मिश्रण दहा टक्क्यांवर पोहोचले आणि २०२५ मध्ये ते वीस टक्क्यांवर गेले. वीस टक्क्यांचे हे उद्दिष्ट मूळ धोरणात २०३० सालासाठी ठेवण्यात आले होते.

ऊस उत्पादकाला याचा लाभ कसा होतो? साखर वर्षभर थोडी थोडी विकली जाते आणि तोपर्यंत कारखान्याचा पैसा गोदामात अडकून राहतो. तेल कंपन्यांकडून इथेनॉलचे पैसे त्यामानाने लवकर येतात. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ अन्वये ऊस पुरविल्यापासून चौदा दिवसांत त्याचे पैसे देणे कारखान्यावर बंधनकारक आहे. हे बंधन पाळण्याची ताकद कारखान्यात आणणे, हाच या सवलतीचा बांधावरचा अर्थ होय.

विजेची वाहने : सवलतींची उतरंड

विजेच्या वाहनांसाठी केंद्र शासनाची पहिली प्रोत्साहन योजना, फेम, १ एप्रिल २०१५ रोजी सुरू झाली. दुसरा टप्पा १ एप्रिल २०१९ पासून ३१ मार्च २०२४ पर्यंत चालला. त्यानंतर १ ऑक्टोबर २०२४ पासून १०,९०० कोटी रुपयांची पीएम ई-ड्राइव्ह योजना आली. या योजनेत दुचाकीला पहिल्या वर्षी बॅटरीच्या प्रत्येक किलोवॉट-तासास ५,००० रुपये, कमाल १०,००० रुपये मिळत. दुसऱ्या वर्षी हे साहाय्य निम्म्यावर आणण्यात आले. पुढे २०२५ मध्ये योजनेचा कालावधी वाढविण्यात आला, परंतु दुचाकी व तीनचाकी वाहनांची मुदत ३१ मार्च २०२६ हीच ठेवण्यात आली. अशा साहाय्याचे स्वरूप सुरुवातीला भरघोस, मग निम्मे आणि अखेरीस बंद असेच असते. नव्या उद्योगाला उभे राहण्यापुरता हात देणे हा त्यामागील उद्देश आहे.

(किलोवॉट-तास हा शब्द अवघड वाटला तरी वस्तू परिचयाची आहे. वीजबिलावरील एक युनिट म्हणजेच एक किलोवॉट-तास. तीन किलोवॉट-तासांची बॅटरी पूर्ण भरण्यास तीन युनिटांहून किंचित अधिक वीज लागते.)

महाराष्ट्र शासनाने विद्युत वाहनांचे पहिले धोरण २०१८ मध्ये व दुसरे २०२१ मध्ये जाहीर केले. मे २०२५ च्या शासन निर्णयाने २०३० पर्यंतचे नवे धोरण लागू झाले. त्यासाठी १,९९३ कोटी रुपयांच्या तरतुदीस मंत्रिमंडळाने मान्यता दिली. या धोरणान्वये दुचाकी, प्रवासी तीनचाकी, खाजगी चारचाकी आणि बसगाड्यांना मूळ किमतीच्या दहा टक्के, तर मालवाहू तीनचाकी, प्रवासी वाहतुकीची चारचाकी, हलकी मालवाहू वाहने, शेतीचे ट्रॅक्टर आणि कापणी यंत्रे यांना पंधरा टक्के सवलत ठरविण्यात आली. प्रत्येक प्रकारास कमाल रक्कम व वाहनांची संख्या ठरलेली आहे.

उदाहरणार्थ, दुचाकीची कमाल मर्यादा १०,००० रुपये आहे. मूळ किंमत ८०,००० रुपये असल्यास सवलत ८,००० रुपये होते. किंमत १,३०,००० रुपये असली तरी ती १०,००० रुपयांच्या वर जात नाही. ट्रॅक्टरची कमाल मर्यादा दीड लाख रुपये आहे. आठ लाखांच्या ट्रॅक्टरला १,२०,००० रुपये आणि बारा लाखांच्या ट्रॅक्टरला १,५०,००० रुपये, असा हिशेब होतो.

याखेरीज मोटार वाहन करातून व नोंदणी शुल्कातून सूट आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि आपल्या जिल्ह्यातून जाणारा समृद्धी महामार्ग येथे विजेच्या मोटारी व बसगाड्यांना पथकर माफ करण्यात आला. विजेच्या वाहनांवरील वस्तू व सेवा कर १ ऑगस्ट २०१९ पासून १२ टक्क्यांऐवजी ५ टक्के झाला. बॅटरी, इथेनॉल अथवा मिथेनॉलवर चालणाऱ्या वाहतूक वाहनांना परवान्याच्या अटीतून २०१८ मध्ये वगळण्यात आले. नैसर्गिक वायूच्या वाहनधारकांसाठी राज्याने १ एप्रिल २०२२ पासून वायूवरील मूल्यवर्धित कर १३.५ टक्क्यांवरून ३ टक्के केला.

सार्वजनिक वाहतुकीतही हा बदल नगर जिल्ह्याने प्रथम पाहिला. राज्य परिवहनाची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली होती. बरोबर ७४ वर्षांनी, १ जून २०२२ रोजी, महामंडळाची विजेवरील पहिली शिवाई बस त्याच मार्गावर सुरू झाली.

खरेदीपूर्वी घ्यावयाची दक्षता

केंद्राच्या योजनेतील साहाय्य ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होत नाही. ते विक्रीच्या वेळीच किमतीतून वजा होते आणि उत्पादक ती रक्कम शासनाकडून मागून घेतो. म्हणून ग्राहकाने विक्रेत्याकडून लेखी दरपत्रक घ्यावे. मूळ किंमत, कर, केंद्राची वजावट, राज्याची वजावट आणि विम्याची रक्कम ही त्यात वेगवेगळी दाखविलेली असावीत. वाहनाचे ते विशिष्ट मॉडेल योजनेस पात्र आहे किंवा नाही आणि त्या दिवशी योजना चालू आहे किंवा नाही, याची खात्री करून घ्यावी. कर व नोंदणीविषयी शंका असल्यास श्रीरामपूर येथील परिवहन कार्यालयात विचारणा करावी. ‘सबसिडी मागाहून मिळेल’ या तोंडी आश्वासनावर पूर्ण किंमत मोजू नये. बॅटरीच्या हमीची वर्षे व अटी लेखी घ्याव्यात, कारण वाहनाच्या किमतीचा मोठा भाग बॅटरीचाच असतो.

पेट्रोल वाहनधारकांनीही एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असते. दहा टक्के मिश्रणासाठी जुळविलेल्या जुन्या मोटारी वीस टक्के मिश्रणावर सहा ते सात टक्के आणि दुचाकी तीन ते चार टक्के कमी अंतर देतील, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ मधील आराखड्यात नमूद आहे. ग्राहकाला ही माहिती आधीच असली म्हणजे अफवांना वाव राहत नाही.

सवलतीच्या मर्यादा

कोणतीही सवलत कायमची नसते, याचा अनुभव ऊस उत्पादकांनी अलीकडेच घेतला आहे. पावसाने ओढ दिल्याने साखरेचे उत्पादन घटण्याची चिन्हे दिसू लागली, तेव्हा ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र शासनाने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास मनाई केली. काही दिवसांतच मर्यादित प्रमाणात मुभा मिळाली आणि २०२४-२५ च्या हंगामासाठी निर्बंध उठविण्यात आले. तथापि आसवनीसाठी कर्ज काढलेल्या कारखान्यांची त्या हंगामात मोठी कोंडी झाली. जनतेला साखर पुरविणे हे शासनाचे कर्तव्य असल्याने असा प्रसंग पुन्हाही येऊ शकतो. म्हणून केवळ एका दरावर विसंबून विस्तार करणे शहाणपणाचे नाही, हे सभासदांनी वार्षिक सभेत विचारले पाहिजे. हरेगावचा एके काळचा नामांकित कारखाना पुढे बंद पडला, हे या परिसराने पाहिलेच आहे.

दुसरा प्रश्न पाण्याचा आहे. उसापासून एक लिटर इथेनॉल मिळविण्यास सुमारे २,८६० लिटर पाणी लागते, असा नीती आयोगाच्या त्याच आराखड्याचा अंदाज आहे. आपला जिल्हा पर्जन्यछायेतील आहे आणि टंचाईच्या वर्षी भंडारदरा व मुळा धरणांचे पाणी जायकवाडीसाठी सोडावे लागते. अशा स्थितीत इंधनासाठी उसाचे क्षेत्र वाढविणे परवडणारे नाही. आहे त्याच उसाला ठिबकचे पाणी देणे आणि त्याच्या प्रत्येक अवशेषाचा उपयोग करणे हाच मार्ग उरतो. साखर कारखान्यातील प्रेसमडपासून वायू तयार करून तो वाहनांसाठी विकण्याची योजना केंद्राने २०१८ मध्ये सुरू केली, ती या दृष्टीने विचारात घेण्याजोगी आहे.

पंचायत व शाळा काय करू शकतील?

वाहनांची चार्जिंग केंद्रे चालविण्यास वीजविक्रीचा परवाना लागत नाही, हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले. तेव्हा बाजारतळ, बसस्थानक वा ग्रामपंचायत कार्यालयाजवळ सुरक्षित जोडणीचे एक केंद्र उभे करणे पंचायतीच्या आवाक्यात आहे. अर्थात वायरिंग, अर्थिंग आणि वीजभार यांची तपासणी जाणकाराकडून करून घेणे अगत्याचे आहे. ग्रामसभेत चालू योजनांची मुदत व कमाल रक्कम यांचे एक पान वाचून दाखविले आणि ते फलकावर लावले, तरी अनेकांचे नुकसान टळेल. मुदती बदलतात म्हणून हे पान दर तिमाहीस तपासले जावे.

शिक्षकांना तर या विषयात गणित, विज्ञान आणि भूगोल एकाच वेळी शिकविता येईल. विद्यार्थ्यांनी घरच्या दुचाकीचा महिन्याचा पेट्रोलखर्च आणि तेवढेच अंतर विजेवर कापण्यास लागणारी युनिटे यांचा हिशेब मांडावा. तो हिशेब संध्याकाळी घरी पोहोचतो आणि तेथे एखाद्या जाहिरातीपेक्षा अधिक उपयोगी पडतो.

शासनाची सवलत ही वाटेतील आधाराची काठी आहे. ती हातात असेपर्यंत पुढचा पल्ला गाठावा आणि ती केव्हा काढून घेतली जाईल हे आधीच ओळखून ठेवावे. बेलापूरच्या शेतकऱ्याला उसाचे पैसे वेळेवर मिळावेत, त्याच्या मुलाने घेतलेली दुचाकी खिशाला परवडावी आणि प्रवरेचे पाणी पुढच्या पिढीलाही पुरावे, या तिन्ही गोष्टी एकत्र साधल्या, तरच स्वच्छ इंधनावरील हा खर्च कारणी लागला असे म्हणता येईल.