ट्यूब बंद केली की खाज दुप्पट का होते?

होळी सरली की तिसगाव परिसरातल्या ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांवरून परतू लागतात. पाथर्डी तालुका कमी पावसाचा. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन बाहेर पडायचे आणि कारखान्याचा पट्टा पडला की गावी यायचे, हे इथल्या अनेक कुटुंबांचे वर्षाचे गणित. चार-पाच महिने खोपीत काढून आलेल्या या माणसांच्या जांघेत, कमरेला, काखेत बऱ्याचदा गजकर्ण असते. आमच्याकडच्या बोलीत त्याला गचकरण म्हणतात. सरकारी दवाखान्यात येईपर्यंत बहुतेकांच्या पिशवीत एक अर्धी पिळलेली ट्यूब असते आणि तक्रार ठरलेली असते, ‘साहेब, ट्यूब लावली की बरं वाटतं, बंद केली की दुप्पट उठतं.’

हे केवळ ऊसतोड कामगारांचे दुखणे नाही. महामार्गावरचा ट्रकचालक, घट्ट जीन्स घालून कॉलेजला जाणारी मुलगी, दिवसभर चुलीपुढे किंवा दुकानात बसणारी माणसे, सगळ्यांची तक्रार हीच. यात जितका वाटा आजाराचा आहे तितकाच औषधाचा आहे. बंद केल्यावर दुप्पट उठते म्हणून पुन्हा तीच ट्यूब आणली जाते आणि पुरळ महिनोन् महिने मुक्कामाला राहते.

ट्यूबमध्ये असते काय?

मेडिकलमधून ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हणून आणलेल्या मलमांपैकी अनेकांत एकाच वेळी तीन-चार औषधे असतात : एक बुरशीविरोधी, एक-दोन प्रतिजैविके आणि एक जोरदार स्टेरॉइड. वेष्टनावर क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी एखादे नाव बारीक अक्षरात दिसले, तर त्यात स्टेरॉइड आहे हे समजावे.

स्टेरॉइड हे वाईट औषध नाही. १९५२ मध्ये सुल्झबर्गर आणि विटन या अमेरिकेतील डॉक्टरांनी हायड्रोकॉर्टिसोन त्वचेवर लावून काही आजारांत गुण येतो, हे दाखवून दिले. तेव्हापासून इसब, सोरायसिस, ॲलर्जीचे पुरळ अशा आजारांत या मलमांनी असंख्य रुग्णांना दिलासा दिला आहे. मात्र आज सर्रास वापरले जाणारे क्लोबेटासोल हे त्या पहिल्या हायड्रोकॉर्टिसोनपेक्षा शेकडो पटींनी तीव्र आहे. कोणत्या आजाराला, शरीराच्या कोणत्या भागावर आणि किती दिवस लावायचे, हे ठरल्याशिवाय ते हातात घेऊ नये.

गजकर्ण हा बुरशीचा संसर्ग आहे. ही बुरशी त्वचेच्या वरच्या थरातल्या केराटिनवर जगते. शरीर तिच्याशी झगडते, आणि या झगड्यातूनच लाली, खाज, कंगोरेदार कड तयार होते. स्टेरॉइड हा झगडा थांबवते. खाज थांबते, लाली जाते. बुरशी मात्र जागच्या जागी राहते आणि आता तिला अडवणारे कुणी नसते. चोर घरात शिरलेला असताना भुंकणाऱ्या कुत्र्याचे तोंड बांधावे, तसा हा प्रकार. ट्यूब बंद केली की शरीर पुन्हा जागे होते, पसरलेल्या बुरशीवर तुटून पडते आणि खाज दुप्पट होते. ही खाज औषध सुटल्याची आहे. ‘औषधाची गरज आहे’ असा तिचा अर्थ नाही.

दरम्यान चट्ट्याचे रूपही बदलते. गोल कड पुसट होते, चट्ट्यात चट्टे उठतात, कधी नुसते फोड दिसतात. वेष पालटलेल्या या गजकर्णाला वैद्यकात ‘टिनिया इन्कॉग्निटो’ असे नाव आहे. अनुभवी डॉक्टरही त्याला पाहून क्षणभर थबकतात. म्हणून तपासणीला जाताना आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब आणि खोकी सोबत न्यावीत. लाजू नये, लपवू नये.

प्रश्न देशभरचा

चेहऱ्यासाठी स्टेरॉइड वापरण्याबाबत भारतातील १२ केंद्रांवर झालेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण स्टेरॉइडचे मलम लावत होते. त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांना ते डॉक्टरने सुचवलेलेच नव्हते. शेजारीण, नातेवाईक, दुकानदार, ब्यूटी पार्लर असे त्याचे मार्ग. गोरे दिसण्यासाठी म्हणून लावलेल्या क्रीममुळे चेहऱ्याची जी दशा होते, तिला भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी स्वतंत्र नावच दिले आहे.

२०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ प्रकारच्या स्टेरॉइड मलमांना ‘शेड्यूल एच’च्या नियमाखाली आणले. म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. नियम आहे; पण चिठ्ठी न मागता ट्यूब देणारी दुकाने आणि चिठ्ठी न घेता ट्यूब मागणारी गिऱ्हाइके दोन्ही अजून आहेत.

त्यात बुरशीही बदलली आहे. २०२० मध्ये ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ असे नाव मिळालेली बुरशी भारतीय उपखंडात मोठ्या प्रमाणावर आढळते. तिच्यातल्या अनेक प्रकारांवर टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाचा पुरेसा परिणाम होत नाही. २०२३ मध्ये तिचे रुग्ण न्यूयॉर्कमध्येही नोंदवले गेले. पूर्वी दोन-तीन आठवड्यांत बरे होणारे गजकर्ण आता महिने घेते, त्यामागे हेही एक कारण आहे.

दुष्परिणाम कसे ओळखावेत?

जांघ, काख, मांड्यांच्या आतल्या बाजूला त्वचा पातळ असते आणि तिथे मलम अधिक शोषले जाते. अशा ठिकाणी गर्भारपणात पोटावर उठतात तशा लालसर-जांभळ्या रेषा उमटतात. त्या पुढे पांढुरक्या होतात. पण पूर्ण जात नाहीत. बाकीचे बरेच दुष्परिणाम वेळेवर थांबल्यास कमी होतात, हा मात्र कायमचा डाग आहे.

चेहऱ्यावर लाली, उन्हात भगभग, बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे, मुरमे, तोंडाभोवती पुरळ आणि बायकांच्या गालावर लव वाढणे ही लक्षणे दिसतात. कुठेही त्वचा कागदासारखी पातळ होऊ शकते, रंग फिका पडू शकतो. पापण्यांवर दीर्घकाळ लावल्यास काचबिंदू आणि मोतीबिंदूचा धोका असतो. तान्ह्या बाळाच्या लंगोटाखाली लावलेले मलम तर झाकून ठेवल्यासारखे खोलवर मुरते. त्याने बाळाचा चेहरा गोल होणे, वाढ खुंटणे इथपर्यंत परिणाम होऊ शकतात.

थांबवताना कसे तग धरावे?

अंगावरच्या गजकर्णावर स्टेरॉइड लावत असाल, तर डॉक्टरांना दाखवून ते बंद करणे हाच मार्ग. पण बंद केल्यावर पहिले काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे, खाज आणि लाली वाढेल, हे आधीच माहीत असू द्या. माहीत नसलेला माणूस चौथ्या दिवशी पुन्हा मेडिकलची पायरी चढतो. या काळात थंड पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ सुती कापडाच्या घड्या दहा-पंधरा मिनिटे ठेवाव्यात आणि नंतर जागा कोरडी करावी. नखे कापून ठेवावीत. लिंबू, लसूण, चुना, बॅटरीचे पाणी असले काहीही लावू नये. भाजलेली त्वचा घेऊन येणारे रुग्ण आम्ही पाहतो.

चेहऱ्याची सवय सुटायला आठवडे नव्हे, काही महिनेही लागतात. तिथे डॉक्टर कधी सौम्य स्टेरॉइडवर आणून हळूहळू बंद करतात, कधी स्टेरॉइड नसलेले दुसरे मलम देतात. साधे मॉइश्चरायझर, डोक्यावरून घेतलेला पदर किंवा टोपी आणि बाकी सगळ्या क्रीमना सुट्टी, एवढे पथ्य पुरते. आरशात रोज पाहून निराश होण्यापेक्षा दर पंधरा दिवसांनी एक फोटो काढावा. फरक त्यात दिसतो.

एक सावधानता महत्त्वाची. स्टेरॉइडच्या गोळ्या काही आठवडे घेतल्या असतील, ‘खाजेचे इंजेक्शन’ वारंवार घेतले असेल किंवा बाळाच्या अंगभर मलम लावले गेले असेल, तर स्वतःहून अचानक काहीही बंद करू नका. शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड बनवणारी ग्रंथी अशा वेळी झोपी गेलेली असते. अतिशय अशक्तपणा, उलट्या, चक्कर अशी लक्षणे दिसली तर तातडीने रुग्णालय गाठा.

गोळ्यांचेही भान हवे

गजकर्णासाठी पोटातून दिल्या जाणाऱ्या औषधांचेही दुष्परिणाम असतात. घाबरून औषध सोडण्यापेक्षा ते ओळखून सांगावेत. टर्बिनाफिनने काहींची चव जाते. ती बहुधा औषध थांबवल्यावर काही आठवड्यांत परत येते. इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल पोटभर जेवणानंतर घ्याव्यात आणि पित्ताच्या गोळीसोबत घेऊ नयेत. अन्यथा त्या नीट शोषल्या जात नाहीत. हृदय कमजोर असणाऱ्यांनी, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी हे डॉक्टरांना आधी सांगितलेच पाहिजे. दोन्ही औषधे क्वचित यकृताला त्रास देतात. भूक मरणे, लघवी गडद होणे, डोळे पिवळे दिसणे, यांपैकी काही जाणवले तर गोळी थांबवून लगेच दाखवावे. उपचार चालू असताना दारू नको.

खाज कमी करणाऱ्या गोळ्यांनी झोप येते. आमच्या भागात हा दुष्परिणाम हलक्यात घेण्याजोगा नाही. अशी गोळी घेऊन महामार्गावर मोटारसायकल चालवणे, कडबाकुट्टीवर बसणे किंवा फडात कोयता चालवणे म्हणजे अपघाताला आमंत्रण. ती रात्रीच घ्यावी आणि सकाळीही गुंगी वाटत असेल तर डॉक्टरांना सांगून बदलून घ्यावी.

एकट्याने बरे होता येत नाही

स्टेरॉइड नसलेले बुरशीविरोधी मलम चट्ट्याच्या कडेपलीकडे दोन बोटे रुंदीपर्यंत लावावे. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली मलमाची रेघ दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. खाज थांबली म्हणजे बुरशी गेली असे नाही. डॉक्टरांनी सांगितलेला काळ पूर्ण करावा. चट्टा दिसेनासा झाल्यावरही साधारण दोन आठवडे मलम चालू ठेवावे लागते.

घरात एकालाच औषध देऊन उपयोग होत नाही. नवरा-बायको, मुले, ज्यांना ज्यांना चट्टे आहेत त्या सगळ्यांनी एकाच वेळी उपचार घ्यावेत. टॉवेल, आतले कपडे, अंथरूण वेगळे ठेवावे. पाणी कमी असले तरी आतले कपडे रोज धुवावेत आणि उलटे करून कडक उन्हात वाळवावेत. उन्हाची आपल्याकडे टंचाई नाही. कमरेचा करदोटा ओला राहतो आणि बुरशीला आसरा देतो, म्हणून उपचारापुरता तो काढून ठेवावा. त्याने कोणाचे अकल्याण होत नाही.

आणि सगळेच चट्टे गजकर्णाचे नसतात. फिकट किंवा लालसर चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल, तर कोणतीही ट्यूब न लावता प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. तो कुष्ठरोग असू शकतो. त्याची तपासणी आणि औषधे सरकारी यंत्रणेत मोफत आहेत.

औषधाने झालेला त्रास नोंदवता येतो, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या टोल फ्री क्रमांकावर डॉक्टरच नव्हे, तर रुग्णही आपला अनुभव कळवू शकतात. कोणत्या औषधाने कोणाला काय झाले, हे अशा नोंदींतूनच वर पोहोचते.

तोपर्यंत आपल्या हातात एक साधी गोष्ट आहे. मेडिकलमध्ये ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हणण्याऐवजी आधी चट्टा दाखवावा, चिठ्ठी घ्यावी आणि ट्यूब हातात आल्यावर तिच्यात काय आहे व ती किती दिवस लावायची, हे दोन प्रश्न विचारावेत. घरी उरलेली जुनी ट्यूब शेजाऱ्याला देऊ नये. दोन दिवसांचा आराम देऊन ती त्याच्याही घरात वर्षभराचे गचकरण मागे ठेवते.